गल्लीनं उचललेलं धान

धान आलं की गोंदियाचा वास बदलतो. एरवी या शहराला डिझेलचा, विडीच्या तंबाखूचा आणि स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांवर उकळणाऱ्या चहाचा असा एक मिसळलेला वास असतो. कार्तिक लागला की राइस मिलांच्या बाजूनं कोंड्याचा कोरडा, किंचित गोडसर वास यायला लागतो. एखाद्या मिलमध्ये उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान उकडत असेल तर त्यात ओल्या वाफेची भर पडते. सकाळी शाळेत शिकवायला पोचेपर्यंत माझ्या स्कूटीच्या हँडलवर, पर्सवर, भुवयांवरसुद्धा कोंड्याची भुकटी बसलेली असते. रस्त्याच्या कडेला धानाच्या ट्रॉल्यांची रांग असते आणि ट्रॉलीवर पोत्यांना टेकून कोणीतरी उन्हात गाढ झोपलेलं असतं.

काल अशाच एका ट्रॉलीमागं स्कूटी अडकली. पुढं जायला जागा नव्हती, घाईही नव्हती. वरून, पोत्यांमध्ये अडकलेल्या दोन-चार ओंब्या सुटून माझ्या पायाशी पडल्या. त्यातली एक मी उचलली, आणि काही वर्षांपूर्वीचा तो कार्तिक जसाच्या तसा समोर उभा राहिला.

मी गोंदियालगतच्या फुलचूरला राहते. आमची गल्ली लहान आहे, दोन ऑटो समोरासमोर आले तर एकाला मागं जावं लागतं. ती कोणी ठरवून वसवलेली नाही. जसजसे प्लॉट विकले गेले तशी माणसं येत गेली. माझ्या डाव्या हाताला कमला आंटी. त्यांच्या सासऱ्यांनी सिंधमधून येऊन इथं बाजारात कापडाचं दुकान टाकलं, ते आता त्यांचा मुलगा बघतो. आंटी पहाटे भजनांची कॅसेट लावायच्या, आता मोबाइल लावतात, आवाज तेवढाच. समोर सलीमभाई, ऑटो चालवतात. त्यांची बायको नसरीन फॉल-पिको करते, त्यामुळे त्यांच्या दाराशी कायम कोणाच्या ना कोणाच्या साड्या वाऱ्यावर हलत असतात. कोपऱ्यावर मडावी राहतात. ते नागझिऱ्याला गाइड आहेत, मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड शहरात केलं आणि स्वतः जंगल आणि गल्ली असे जात-येत राहिले. आणि आमच्याच घराच्या मागच्या खोलीत दुलारीबाई. छत्तीसगडहून आलेली, राइस मिलमध्ये धान वाळवायचं काम करणारी, अंगापिंडानं बारीक पण आवाज असा की गल्लीच्या त्या टोकाचं कुत्रं कान टवकारेल.

दिवाळीच्या आसपास दुलारीबाई आणि तिच्या मिलमधल्या बाया सुआ नाचायला निघतात. टोपलीत धान, धानात मातीचा हिरवा पोपट, आणि त्या टोपलीभोवती गोल फिरत, टाळ्यांच्या ठेक्यावर गाणं. तिकडं आंटींच्या दारात दिवे, इकडं तुळशीचं लग्न, आणि बाहेर रस्त्यावरून मंडईच्या जत्रेला निघालेल्या, गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांची बासरी. त्या दिवसांत गल्लीत उभं राहिलं की कुठल्या आवाजाकडं कान द्यावा ते कळत नाही.

हे सगळं माझ्या वडिलांना मुळीच आवडत नसे.

आम्ही पवार लोक वडिलांना अजी म्हणतो. माझी आई गेल्यावर मी अजींना गावाहून माझ्याकडं आणलं. आमची शेती नागऱ्याच्या पुढं, फार लांब नाही. मी शाळेत निघाले की ते बसनं शेतावर जायचे, उन्हं कलली की परत यायचे. शहरात झोपायचं आणि गावात जगायचं, असा त्यांचा हिशेब होता. संध्याकाळी ओट्यावर बसले की तक्रारी सुरू.

"काऊन एवढ्या मोठ्यानं लावते ते बाई भजन? देव का बहिरा आहे?"

"अजी, हळू. ऐकू जाईल त्यांना."

"जाऊ दे. एकाची बोली दुसऱ्याले समजत नाही इथं. आपलं म्हणावं असा एक माणूस नाही या गल्लीत. मी आपला तुयासाठी राहून राहिलो."

सलीमभाई रोज सकाळी "सलाम बाबूजी" म्हणायचे. अजी मान हलवायचे, तोंडातून शब्द काढायचे नाहीत. माणूस वाईट नव्हता, दारात आलेल्या सुआच्या टोपलीत ओंजळभर धान टाकल्याशिवाय त्यांनी त्या बायांना कधी जाऊ दिलं नाही. पण टाकून झालं की ते आत जाऊन बसत.

त्या वर्षी धान उत्तम आलं होतं. आमच्या बांधीत, म्हणजे बांध घालून केलेल्या खाचरात, तोवर ओल होती. कापणीचं मशीन रुतलं असतं. अजींनी गावातल्या बाया लावून हातानं कापून घेतलं. कापलेलं धान दोन-तीन दिवस जमिनीवरच पसरून वाळू देतात, त्याला कडपा म्हणतात. मग भारे बांधायचे, त्यांचं पुंजणं, म्हणजे गंजी, रचायचं आणि मळणीची वाट बघायची. कडपा पडली, बाया दुसऱ्यांच्या शेतावर गेल्या, आणि अजी खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तोंड धुताना त्यांच्या हातातला तांब्या पडला. मी बाहेर आले तेव्हा ते भिंतीला टेकून खाली बसले होते. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. मला काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते आणि नुसता आवाज निघत होता.

मी ओरडले असेन. कारण सलीमभाई दाढीला साबण तसाच ठेवून आले, अजींना लहान मुलासारखं उचललं आणि ऑटोत ठेवलं. नसरीन अनवाणीच माझ्याबरोबर बसली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, जीव वाचेल. हात-पाय हळूहळू येतील. बोलण्याचं आत्ता सांगता येणार नाही.

ते ऐकून मला कसं वाटलं ते सांगणं अवघड आहे. अजी म्हणजे बोलणंच होतं. बैलांशी, पाटाच्या पाण्याशी, आईच्या फोटोशी बोलणारा माणूस.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी होते. बंगालच्या उपसागरात काहीतरी झालं होतं, इकडं हवा एकदम कोंदली होती. फोन वाजला. आमच्या शेजारच्या शेतावरचे टेंभरेकाका बोलत होते.

"बाई, आभाळ भरून राहिलं. तुमची कडपा तशीच पडून आहे. मी माझंच झाकून राहिलो, गावात एक माणूस रिकामा नाही. कोनाले तरी धाड."

"कोणाला धाडू, काका?"

"ते मी काय सांगू? पण पाणी आलं का पुरं धान उगवून जाईल." फोन बंद झाला. त्यांचाही इलाज नव्हता. ढग सगळ्यांच्याच डोक्यावर होते.

त्याच वेळी कमला आंटी डबा घेऊन जिना चढून आल्या. माझा चेहरा बघून त्यांनी डबा खाली ठेवला. "क्या हुआ? बाबूजी ठीक हैं ना?"

मी सांगितलं. बोलता बोलता मला रडू फुटलं. धानासाठी रडत होते की अजींसाठी, मला कळेना. अजी बरे होऊन पहिलं विचारतील ते धानाचंच, हे मला ठाऊक होतं.

आंटींनी माझं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू जा."

"अकेली जाके क्या करूँगी, आंटी?"

"अकेली क्यूँ? गल्ली मर गयी क्या?" त्यांनी पर्समधून मोबाइल काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. मुलाला सांगितलं, दुकानासमोर उन्हाला बांधतो ती मोठी ताडपत्री सोड आणि गाडीत टाक. मडावींना सांगितलं. दुलारीच्या मिलच्या मुनीमजींना सांगितलं, आणि ते दुकानाचे जुने गिऱ्हाईक असल्यामुळे जरा दमात घेऊनच सांगितलं. मग खुर्ची ओढून अजींच्या उशाशी बसल्या. "इनको मैं देखती हूँ. इनको मेरे भजन पसंद नहीं, मालूम है मुझे. आज नहीं गाऊँगी."

सलीमभाईंच्या ऑटोतून आम्ही निघालो तेव्हा आभाळ शिशासारखं झालं होतं. मडावी आधीच त्यांच्या मोटरसायकलनं पोचले होते. बांधावर उभे राहून ते पूर्वेकडं बघत होते.

"पाणी येईल का हो?"

"येऊन राहिलं, मॅडम. पण वारा अजून फिरला नाही. थोडा टाइम आहे."

आम्ही तिघं वाकलो. लहानपणी मी हे काम केलेलं होतं, हात लवकर आठवू लागले. कडपा कवेत घ्यायची, तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा बंध फिरवायचा, गुडघ्यानं दाबून आवळायचा. सलीमभाईंनी आयुष्यात पहिल्यांदा भारा डोक्यावर घेतला आणि चार पावलांवर थांबले. "मॅडम, ये तो काटता है!" कॉलरमधून, बाह्यांमधून, कानातून धानाचं कूस टोचत होतं. मडावी हसले. "ऑटोची गादी समजले का सलीमभाई?" सलीमभाईंनी डोक्यावरचा रुमाल काढला, भाऱ्याखाली नीट घडी करून ठेवला आणि पुन्हा निघाले. तरी शेत संपत नव्हतं. एवढ्या जणांत ते संपणारही नव्हतं, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. ताडपत्री घेऊन आलेल्या आंटींच्या मुलाच्या गाडीमागोमाग मिलचा ट्रक शेताच्या धुऱ्यापाशी थांबला, आणि ट्रकच्या मागच्या फळीवरून धडाधड बाया उतरल्या. लाल, हिरव्या, जांभळ्या, पिवळ्या लुगड्यांच्या. सर्वांत पुढं दुलारीबाई, पदर कमरेला खोचलेला. पिवळ्या पडलेल्या धानात आणि काळ्या आभाळाखाली ते रंग असे काही उठून दिसत होते की मी क्षणभर हातातलं काम विसरले. एवढ्या वर्षांत आमच्या शेतात एवढे रंग एकदम उतरल्याचं मी पाहिलं नव्हतं.

"धान ला भींजन झन देबो, मैडम," ती लांबूनच ओरडली. धान भिजू द्यायचं नाही. "चलव वो, चलव!"

मग जे सुरू झालं त्याला एक लय होती. बाया ओळीनं वाकत होत्या, भारे मागं पडत होते, सलीमभाई आणि आंटींचा मुलगा ते उचलून आणत होते. पुंजणं रचायला मडावी उभे राहिले आणि तिथं भांडण झालं. मडावींच्या गावी पुंजणं गोल रचतात, दुलारीच्या गावी लांबट. मडावी झाडीबोलीत सांगत होते, दुलारी छत्तीसगडीत, दोघंही हात थांबवायला तयार नव्हते. शेवटी दुलारी म्हणाली, ताडपत्री चौकोनी आहे, आता काय ते बघा. मडावींनी ताडपत्रीकडं बघितलं आणि मुकाट्यानं लांबट रचायला घेतलं. ओंब्या आत, बुडखे बाहेर, म्हणजे पाणी लागलं तरी दाणा कोरडा राहतो. एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत होतं.

वारा फिरला तेव्हा खालची बांधी राहिली होती. मी तिकडं धावले. दुलारीनं माझा दंड धरला आणि मान हलवली. पहिले थेंब पडले, टपोरे, एकेकटे. आम्ही सगळ्यांनी मिळून ताडपत्री ओढली, कडांवर दगड ठेवले, दोऱ्या बांधल्या आणि पाऊस धो धो कोसळला. कोणी ऑटोत, कोणी ट्रकच्या पुढच्या भागात, एकमेकांना खेटून बसलो. खालच्या बांधीतलं धान डोळ्यांदेखत भिजत होतं. बाकीचं सगळं ताडपत्रीखाली होतं. सलीमभाई मानेवरचं कूस खाजवत म्हणाले, "बाबूजी ये रोज करते थे? इस उमर में?"

मी दवाखान्यात पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. माझे कपडे ओले, पायांना चिखल. आंटी खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेत होत्या. अजी जागे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या डोक्याकडं. डावा हात हळूहळू वर आला. केसांत अडकलेली धानाची ओंबी त्यांनी बोटांनी ओढून काढली. तिच्यातला एक दाणा नखानं सोलायचा प्रयत्न केला, एका हातानं जमेना. मग तो तसाच दातांखाली धरला आणि चावला.

कट् असा आवाज झाला. वाळलेल्या दाण्याचा.

अजींनी डोळे मिटले. दोन्ही डोळ्यांतून पाणी आलं, वाकड्या तोंडावरून वाकडंच ओघळलं. आंटी जाग्या झाल्या आणि घाबरून विचारायला लागल्या, दर्द है क्या, दर्द है क्या. मी म्हटलं, नाही आंटी, धान वाचलं ते त्यांना कळलं.

खालच्या बांधीतलं धान मोड येऊन उगवून गेलंच. ते गुरांना घातलं. बाकीच्याची मळणी झाली आणि नवे तांदूळ घरी आले तेव्हा अजीही घरी आले होते. मी प्रत्येकाकडं तांदूळ पोचवले. माझी अपेक्षा काही नव्हती, पण पुढचे काही दिवस घरात एकही भांडं रिकामं राहिलं नाही. आंटींकडून गुळाचा गोड भात आला, बडीशेप घातलेला. नसरीननं यखनी पुलाव पाठवला. दुलारीनं तांदळाच्या पिठाचे, वाफेवरचे फरे केले, मऊ, लसणीची फोडणी दिलेले. मडावींकडं नव्या तांदळाचा पहिला वाटा पूर्वजांसाठी काढला, मग त्यांची बायको वाडगा घेऊन आमच्याकडं आली. तांदूळ एकाच शेतातला. अजी डाव्या हातानं सगळं चाखत होते आणि प्रत्येक घासानंतर माझ्याकडं बघत होते, जणू मला विचारत होते की हे खरंच आपलंच धान आहे का.

बोलणं मात्र येत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, माणसांत बसवा, कानावर शब्द पडू द्या. मी शाळेत गेले की अजी ओट्यावर एकटे असायचे, असं मला वाटायचं. नंतर कळलं की ते एकटे कधीच नव्हते. सकाळी आंटी भाजी निवडायला तिथंच येऊन बसायच्या आणि मेथीच्या प्रत्येक काडीबरोबर त्यांना एक गोष्ट सांगायच्या. सलीमभाई दोन फेऱ्यांच्या मध्ये येऊन त्यांची बोटं एकेक करून उघडायचे, मिटायचे. मडावी आले की कोणती वाघीण कुठं दिसली ते सांगायचे. आणि संध्याकाळी मिलमधून परतताना दुलारीबाई, सगळं अंग कोंड्यानं माखलेलं, न चुकता विचारायची, "का साग रांधे हस, बाबू?" काय भाजी केली? त्यांच्याकडं हे कसं काय, बरं आहे ना, असं विचारण्यासारखं आहे. उत्तर हवंच असतं असं नाही.

माघात एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर दुलारीच्या चपलांचा आवाज आला. आणि मग अजींचा आवाज आला, अडखळत, एकेक अक्षर उचलून ठेवावं तसा.

"का... साग... रांधे हस?"

मी पळत आले. दुलारीबाई तोंडावर दोन्ही हात धरून उभी होती. तिनं कामावरून आल्याबरोबर काय भाजी केलेली असणार? पण ती भानावर आली आणि म्हणाली, "भाजी, बाबू. लाल भाजी." मग गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती नसरीनला हाका मारत सुटली. त्या संध्याकाळी तिनं खरंच लाल माठाची ती भाजी केली आणि अजींना आणून दिली.

आमची घरची बोली, पवारी, उशिरा आली, मराठी मध्येमध्ये. आता अजी बोलतात, पण त्यांची बोली कोणाला ओळखू येणार नाही अशी झाली आहे. चहाला वेगळ्या घरचा शब्द, पाण्याला वेगळ्या, मुलींना हाक मारायची ती दुलारीकडची "नोनी", आणि राग आला की शुद्ध सलीमभाई. डॉक्टर म्हणतात, असं होतं. डोक्यातल्या जुन्या वाटा मोडल्या की माणूस ज्या वाटेनं हात मिळेल त्या वाटेनं येतो.

परवा आमच्या गल्लीत आणखी एक बिऱ्हाड आलं. सलीमभाईंनी वर खोली बांधली आहे, तिथं. नवरा मिलच्या बॉयलरवर कामाला लागला आहे. ओडिशाचे आहेत असं कळलं. गाडीतून सामान उतरत होतं, एक गादी, हंडे, प्लॅस्टिकची खुर्ची. नवरा वर-खाली करत होता आणि त्याची बायको, अगदी तरुण, कडेवर बाळ घेऊन गल्लीच्या मध्यभागी उभी होती. कुठं उभं राहावं हेही तिला ठरवता येत नव्हतं. ऊन बरंच होतं. मी खिडकीतून बघत होते, आता जाऊन तिला बोलवावं म्हणून पायात चपला घालत होते.

माझ्याआधी अजींनीच हाक मारली. "नोनी, अरे नोनी! पानी लेव, पानी." डावा हात हलवत, ओट्याकडं बोलवत.

ती बिचकत आली. मी पाणी आणलं. ती घटाघटा प्यायली, बाळाला पाजलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि अजींकडं बघून काहीतरी लांबलचक बोलली. तिच्या भाषेत. आवाज गोड होता, आणि बोलताना ती पहिल्यांदाच हसली.

अजींनी लक्षपूर्वक ऐकलं. मग माझ्याकडं वळले. "काय म्हनते?"

"मला नाही कळलं, अजी."

"मलेबी नाही." मग काठी बाजूला ठेवली, भिंतीकडं सरकले आणि ओट्यावर तिच्यासाठी जागा करून दिली.

"शिकू मंग," ते म्हणाले.